एएमएच कमी आला म्हणजे आई होणं संपलं का? इंजेक्शनं सुरू करण्याआधी हा आकडा समजून घ्या

पनवेल : सायन-पनवेल हायवेच्या कडेला, खारघर स्टेशनजवळ असलेलं आपलं बेलपाडा गाव. एकेकाळी इथे भातशेती होती, आज चारी बाजूंनी टॉवर आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून तर गावाच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं. हायवेने बेलापूरकडे जा नाहीतर पनवेलकडे, दर थोड्या अंतरावर 'टेस्ट ट्यूब बेबी', 'आयव्हीएफ', 'वंध्यत्व निवारण' अशा पाट्या दिसतात. म्हणजे उपचार दाराशी आला. पण उपचाराची भाषा मात्र अजून घरात आलेली नाही.

समजा, गावातली एक सून आहे. वय २९. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. ती तपासणीला जाते आणि हातात एक कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं, एएमएच ०.८. कुणीतरी सांगतं, "अंडी संपत आलीत, घाई करा." घरी आल्यावर त्या वाक्याचं आणखी काहीतरी होतं. सासूबाई ऐकतात "हिला मूल होणारच नाही." नवरा हिशोब करायला लागतो की प्लॉटचे पैसे मोडायचे की सोनं गहाण टाकायचं. आणि ती बिचारी रात्रभर मोबाईलवर "एएमएच वाढवण्याचे उपाय" शोधत बसते.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे. पण वाचताना कुणाला आपल्या घरचं वाटलं तर नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा प्रश्न येतो. ही चार घरं सोडून पाचव्या घरातली गोष्ट आहे. म्हणूनच आज हा एक आकडा नीट उलगडून बघू. तो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि त्याच्या भरवशावर किती मोठा निर्णय घ्यायचा.

कणगीत भात किती, ते कळतं

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात. पाळी सुरू होते तोपर्यंत तीन-चार लाख. पुरुषाच्या शरीरात बीज रोज नवं तयार होतं, बाईच्या शरीरात तसं होत नाही. जन्माला येताना जेवढं आणलं तेवढंच. त्यातलं उभ्या आयुष्यात चारशे-पाचशे बीज पक्व होऊन बाहेर पडतं. बाकीचं दर महिन्याला आपोआप विरत जातं. पाळी आली, नाही आली, गोळ्या घेतल्या, नाही घेतल्या, ही गळती थांबत नाही.

अंडाशयात प्रत्येक बीज एका छोट्या पाण्याच्या फुग्यासारख्या पिशवीत असतं. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. यातल्या बारीक, वाढू लागलेल्या पिशव्या एक हार्मोन तयार करतात. त्याचं नाव अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजेच एएमएच. पिशव्या जास्त असल्या की रक्तात एएमएच जास्त, कमी असल्या की कमी.

जुन्या घरात भाताची कणगी असायची. बाहेरून ठोकून बघितलं की आत किती भात उरलंय याचा अंदाज यायचा. एएमएच म्हणजे कणगीवरची ती टकटक. आत साठा किती, याचा अंदाज मिळतो. पण त्यातला दाणा रुजेल की नाही, हे ठोकून कळत नाही. दाण्याचा कस मुख्यतः बाईच्या वयावर ठरतो.

म्हणून २९ वर्षांच्या बाईचा एएमएच ०.८ आणि ४१ वर्षांच्या बाईचा ३ असेल तर कागदावर दुसरी श्रीमंत दिसते. पण बीजाच्या कसात तरुण बाई पुढे असते. तिच्याकडे बीजं थोडी मिळतील, पण मिळालेल्या प्रत्येक बीजापासून बाळ होण्याची शक्यता जास्त. वय न बघता नुसता एएमएच वाचणं म्हणजे सातबाऱ्यावर क्षेत्र बघून जमिनीचा पोत सांगण्यासारखं आहे.

मग ही तपासणी करतात कशाला?

खरं काम इथे आहे. दर महिन्याला निसर्ग साधारण एकच बीज पिकवतो. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं देऊन एकाच महिन्यात बरीच बीजं पिकवायची असतात. या इंजेक्शनला अंडाशय किती साथ देईल, आणि म्हणून डोस किती ठेवायचा, याचा अंदाज घ्यायला एएमएच लागतो. म्हणजे हा आकडा मुळात डॉक्टरांच्या डोससाठी आहे. आई होशील की नाही याचा निकाल देण्यासाठी तो बनलेलाच नाही.

याचा चांगला पुरावा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात साडेसातशे बायकांचा अभ्यास छापून आला. वय ३० ते ४४, वंध्यत्वाचा इतिहास नाही, नुकतेच मुलासाठी प्रयत्न सुरू केलेल्या. ज्यांचा एएमएच ०.७ पेक्षा कमी होता आणि ज्यांचा नॉर्मल होता, त्या दोघींमध्ये नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याच्या शक्यतेत खास फरक निघाला नाही. कारण साधं आहे. दर महिन्याला लागतं एकच बीज. कणगी अर्धी असली तरी एक मूठ निघतेच.

मात्र हे वाचून कुणी निवांत बसू नये. त्या बायकांना आधी काही अडचण नव्हती. ज्यांना वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, त्यांनी कारण शोधायलाच हवं. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. फक्त ते कारण एएमएचच आहे असं धरून चालू नये. नळ्या बंद असतील, नवऱ्याचे शुक्राणू कमी असतील, थायरॉईड असेल, पूर्वी टीबी होऊन गेला असेल.

नवऱ्याची वीर्य तपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी. इंजेक्शन नाही, भूल नाही, काही नाही. तरी आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. सून चार डॉक्टर फिरून येते आणि मुलगा म्हणतो, "मला काय झालंय?" मूल न होण्यामागे बऱ्याच जोडप्यांत पुरुषाचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाबरोबर. त्यामुळे पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी, हा नियम घरातल्या मोठ्यांनीच घालून द्यावा.

रिपोर्ट हातात आला की काय बघायचं

एक, एकक बघा. एएमएच दोन मापांत लिहितात. एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर, दुसरं पिकोमोल प्रति लीटर. पहिल्या मापातला १ म्हणजे दुसऱ्या मापातला साधारण ७. एका लॅबमध्ये ७ आला आणि दुसऱ्या लॅबमध्ये १ आला तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. दोन्ही एकच असू शकतात.

दोन, सोनोग्राफी जोडीला हवी. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत आतून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतल्या बारीक पिशव्या मोजतात. रक्ताचा आकडा आणि ही मोजणी जुळते का, ते बघायचं. दोन्ही कमी असतील तर साठा खरंच कमी. एक कमी आणि एक चांगला असेल तर परत तपासणी मागायला हरकत नाही. काही महिने गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या असतील तर एएमएच कमी दिसू शकतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही लॅबच्या यंत्रात हार्मोनचे आकडे चुकू शकतात. रक्त देण्याआधी हे सांगा.

तीन, एफएसएच एकटा वाचू नका. हा मेंदूच्या खालच्या ग्रंथीतून येणारा हार्मोन. तो अंडाशयाला हुकूम सोडतो, "बीज पिकव." साठा कमी झाला की मेंदूला जास्त ओरडावं लागतं, म्हणून एफएसएच चढतो. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो १० च्या वर गेला तर डॉक्टर सावध होतात. पण त्याच दिवशी इस्ट्राडिओल नावाचा दुसरा हार्मोन जास्त असेल तर एफएसएच खोटा कमी दिसतो. म्हणून ही दोन्ही एकाच दिवशी तपासतात. महिन्याच्या मध्येच कधीतरी काढलेल्या एफएसएचला काही अर्थ नाही.

एका बीजापासून अनेक बीजांपर्यंत

ही इंजेक्शनं आली कुठून, तेही थोडं बघू. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मली. तिच्या वेळी हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं पिकवली नव्हती. निसर्गाने दिलेल्या एका बीजावर काम झालं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली. त्यांनी इंजेक्शनं देऊन एकापेक्षा जास्त बीजं मिळवली आणि गर्भ गोठवून ठेवून नंतर वापरला. पुढे सगळं जग याच वाटेने गेलं. पण तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, सरकारी चौकशीत त्यांची थट्टा झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्यानंतर मुंबईचा नंबर लागला. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात देशातली शास्त्रीय नोंदीसह मान्य झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी हे काम केलं. सोबत होती परळचीच प्रजनन संशोधन संस्था आणि तिचे डॉ. टी. सी. आनंदकुमार. म्हणजे मान त्यांच्याकडे आला. पण याच आनंदकुमारांनी पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिला मान कोलकात्याचा. हे सांगायचं कारण इतकंच की देशातलं हे काम पालिकेच्या रुग्णालयातून आणि सरकारी संस्थेतून उभं राहिलं. आज ते जवळजवळ सगळं खासगी झालं आहे.

इंजेक्शनला अंडाशयाची साथ : कमी, बरोबर आणि जास्त

उपचारात साधारण काय होतं? पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज एफएसएचचं इंजेक्शन. आठ ते बारा दिवस. मध्ये चार-पाच वेळा सोनोग्राफी, काही वेळा रक्तात इस्ट्राडिओल. पिशव्या वाढल्या की इस्ट्राडिओल वाढतो. दोन-तीन पिशव्या १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या की शेवटचं पिकवण्याचं इंजेक्शन देतात, त्याला ट्रिगर म्हणतात. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी थोडा वेळ भूल देऊन सुईने बीजं काढतात. हे शेवटचं इंजेक्शन दिलेल्या वेळेलाच घ्यायचं. रात्री दहाला सांगितलं तर दहालाच. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर पूर्ण महिन्याची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

काढलेलं प्रत्येक बीज बाळ होत नाही. काही कच्ची निघतात, काहींचं फलन होत नाही, काही गर्भ चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. दहा बीजं निघाली तर शेवटी दोन-तीन चांगले गर्भ हाती लागले तरी ठीक म्हणतात. "दहा निघाली, म्हणजे दहा संधी" असं घरच्यांनी धरू नये.

ज्यांना इंजेक्शन देऊनही तीन किंवा त्याहून कमी बीजं मिळतात, त्यांना डॉक्टर 'पुअर रिस्पॉन्डर' म्हणतात. शब्द वाईट आहे, पण तो अंडाशयाच्या प्रतिसादाबद्दल आहे, बाईबद्दल नाही. इथेच एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, बीजं कमी निघाली तर डोस दुप्पट करा. जमिनीत बी नसेल तर खत कितीही टाका, पीक येणार नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्सचा एक अभ्यास आला, दीड हजारांहून जास्त बायकांवरचा. साठा कमी असलेल्या बायकांना जास्त डोस दिला, तरी बाळं जास्त जन्मली नाहीत. खर्च मात्र वाढला. युरोपातल्या प्रजनन डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातही अशा बायकांना डीएचईएच्या गोळ्या, टेस्टोस्टेरॉन, वाढीचे हार्मोन सरसकट देण्याची शिफारस नाही. अंडाशयात स्वतःच्याच रक्ताचं पीआरपी टोचणं तर अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. कुणी "यानं एएमएच वाढतोच" म्हणून वेगळे पैसे मागितले तर विचारा, "यानं बाळ होण्याचं प्रमाण वाढतं याचा पुरावा काय?"

आता उलटी बाजू. एएमएच जास्त आला की घरात आनंद होतो. पण साधारण साडेतीनच्या वर एएमएच, किंवा पीसीओएस असलेली तरुण, बारीक बाई, हिच्यासाठी खरा धोका इथे असतो. इंजेक्शनला अंडाशय अति साथ देतं. वीस-पंचवीस पिशव्या एकदम वाढतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात-छातीत साचायला लागतं. याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य असेल तर पोट फुगतं, मळमळतं, चार दिवसांत उतरतं. गंभीर झालं तर रक्त घट्ट होतं, गुठळ्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, जिवावर बेततं.

हे टाळता येतं, आणि टाळणं डॉक्टरांच्या हातात आहे. डोस कमी ठेवणं, अँटागोनिस्ट पद्धत वापरणं, शेवटचं ट्रिगर इंजेक्शन एचसीजीऐवजी दुसऱ्या प्रकारचं देणं, आणि त्या महिन्यात गर्भ न सोडता सगळे गोठवून ठेवणं. त्यामुळे "यावेळी गर्भ सोडत नाही, गोठवतो" असं डॉक्टर म्हणाले तर पैसे उकळायचा डाव आहे असं लगेच समजू नका. बीजं भरपूर असतील तर ती काळजीही असू शकते. विचारा मात्र नक्की.

घरच्यांनी हे पाठ करून ठेवा. ट्रिगरच्या इंजेक्शननंतर किंवा बीजं काढल्यावर पोट झपाट्याने फुगलं, एका दिवसात वजन किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबत नाहीत, दम लागतो, पाय किंवा पोटरी दुखून सुजली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा आणि सांगा की बीजाची इंजेक्शनं झाली आहेत. "गॅस झालाय, ओवा खा" म्हणून वेळ घालवू नका.

सात बीजांचा कायदा आणि दलाल

एएमएच कमी आला की पुढचा सल्ला बऱ्याचदा येतो, "दात्याचं बीज घ्या." काही जणींसाठी तो योग्य असतो. ज्यांचं अंडाशय लवकर थांबलंय, वय खूप पुढे गेलंय, किंवा दोन-तीन प्रयत्नांत चांगला गर्भच मिळाला नाही. पण तिशीच्या आतल्या बाईला, स्वतःच्या बीजाचा एकही प्रयत्न न करता, फक्त एका रक्ताच्या रिपोर्टवर हा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. हा निर्णय आयुष्यभराचा आहे.

आणि आता नाण्याची दुसरी बाजू, जी आपल्या वाडी-पाड्यांना जास्त लागू आहे. दात्याचं बीज येतं कुठून? दुसऱ्या कुणा तरुण बाईच्या शरीरातून. तिलाही तीच दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, तीच भूल, तीच सुई. आणि तरुण असल्याने ओएचएसएसचा धोका तिलाच जास्त. मुंबईत २०१० मध्ये १७ वर्षांच्या, भंगाराच्या गोदामात काम करणाऱ्या एका मुलीने बीज दिल्यानंतर दोन दिवसांत तिचा मृत्यू झाला. तिने आधीही बीज दिलं होतं. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

तेव्हा कायदा नव्हता. आता आहे. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यातल्या गोष्टी गावात माहीत असायला हव्यात :

– बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली किंवा झालेलं असलेली, आणि तिला स्वतःचं किमान तीन वर्षांचं एक मूल हवं.
– आयुष्यात एकदाच बीज देता येतं.
– एका वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.
– तिचा १२ महिन्यांचा विमा बीज घेणाऱ्या जोडप्याने काढायचा.
– उपचार घेणारी बाई २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ वर्षांचा असावा.
– बीज किंवा गर्भ विकणं, त्यासाठी एजन्सी किंवा टोळी चालवणं हा गुन्हा आहे.
– मुलगाच हवा म्हणून लिंग निवडून देणं हाही गुन्हा आहे.

यातली सात बीजांची अट बघा. कायद्याने आकडा ठरवला, पण अंडाशयाला कायदा कळत नाही. तरुण बाईला मोठा डोस दिला तर पंधरा पिशव्या वाढणार. सात काढायच्या असतील तर डोस कमी ठेवावा लागतो. म्हणजे या अटीचा खरा अर्थ आहे, दात्या बाईला हलका डोस द्या. ही अट पाळली की नाही, हे ऑपरेशन थिएटरच्या आत घडतं. तिथे त्या बाईच्या बाजूने बघणारं कुणी नसतं. म्हणून पैशाची गरज असलेल्या कुणा बहिणीला "दहा दिवस इंजेक्शनं घे, रोख पैसे देतो, आधार कार्डावर वय मी बघतो" असं कुणी सांगत असेल, तर ती मदत नाही, गुन्हा आहे. पोलिसांकडे जा. नाव दुसऱ्याचं लावून दिलेलं बीज असेल तर उद्या काही झालं तर विमाही नाही आणि कागदही नाही.

पैसे, प्रवास आणि सरकारी दार

एका आयव्हीएफ फेरीचा खासगी खर्च लाखांच्या घरात जातो. त्यात इंजेक्शनांचा वाटा मोठा असतो, आणि तो डोसवर म्हणजे पुन्हा अंडाशयाच्या प्रतिसादावर ठरतो. म्हणून पॅकेज ठरवताना विचारा, इंजेक्शनं धरून की वेगळी? गोठवण्याचे पैसे वेगळे का? मध्येच फेरी थांबवावी लागली तर किती परत?

मुंबईत राज्य सरकारच्या कामा रुग्णालयात आयव्हीएफ केंद्र आहे. बेलपाड्याच्या माणसाला ते अवघड नाही. खारघरहून हार्बर लोकल पकडली की सीएसएमटी, तिथून चालत. पण पोलादपूर, म्हसळा, सुधागडच्या बाईने काय करायचं? दहा-बारा दिवसांत पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोघांची रोजी बुडणार. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हा उपचार मोफत सुरू केला. आपल्या अलिबागलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पूर्ण आयव्हीएफ लगेच नसेल शक्य, पण दोघांची तपासणी, एएमएच, सोनोग्राफी आणि नीट समजावून सांगणारा समुपदेशक, एवढं जिल्ह्यात मिळालं तरी अर्धी धावपळ आणि अर्धी फसवणूक थांबेल. मत मागायला येणाऱ्यांना रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा.

क्लिनिकची पायरी चढण्याआधी हे विचारा

१. तुमचं क्लिनिक कायद्याखाली नोंदलेलं आहे का? नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा. आयव्हीएफ करणारं क्लिनिक दुसऱ्या स्तराचं असावं लागतं, पहिला स्तर फक्त आययूआयसाठी आहे.

२. माझा एएमएच, माझं वय आणि सोनोग्राफीतल्या पिशव्या, तिन्ही मिळून तुमचं मत काय?

३. नवऱ्याची तपासणी झाली का? माझ्या नळ्या तपासल्या का?

४. डोस किती आणि का? किती बीजं मिळतील असा अंदाज आहे?

५. ओएचएसएसचा धोका मला किती? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करू?

६. माझ्या वयाच्या बायकांमध्ये तुमच्याकडे किती जणींना बाळ झालं? "दिवस राहिले" हा आकडा नको, "बाळ घरी गेलं" हा आकडा हवा.

७. सगळे रिपोर्ट आणि शेवटी काय केलं त्याचा कागद मला मिळेल ना? कायद्याने तो द्यावाच लागतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत वाचून घ्या, न कळलेलं विचारा. क्लिनिकमध्ये तक्रार ऐकण्याची व्यवस्था असावी, हेही कायद्यातच आहे.

राहिला प्रश्न त्या ०.८ वाल्या सुनेचा. तिला काय सांगायचं? तुझा साठा कमी आहे, त्यामुळे वेळ वाया घालवू नको. वय तुझ्या बाजूने आहे. आधी दोघांची पूर्ण तपासणी करा. आयव्हीएफ लागलंच तर बीजं थोडी मिळतील, कदाचित दोन फेऱ्या कराव्या लागतील, तसा पैशाचा विचार आधीच करा. सगळं सोनं पहिल्याच फेरीत मोडू नका. आणि घरच्यांना सांगायचं ते एवढंच, की हा कागद डॉक्टरांना डोस ठरवायला दिलाय. सुनेला माहेरी पाठवायला नाही.